मुंबईचे अब्दुल बारी

स्क्वॉशचा विषय निघाला की पाकिस्तानातील खान घराण्याचे नाव निघतेच. मात्र त्या घराण्याला विलायतेची वाट दाखवली ती मुंबईच्या अब्दुल बारी यांनी. क्लबात सभासदांना खेळ शिकवून चरितार्थ चालवणारे हे व्यावसायिक खेळाडू फाळणीनंतरही मुंबईतच राहिले. पेशावरचे हशीम खान त्यांचे दूरचे आप्त. १९४४ ते १९४६ अशी सलग तीन वर्षे मुंबईतील अखिल भारतीय स्पर्धा हशीम यांनीच जिंकली. बारींना त्यांच्यापुढे वारंवार हार पत्करावी लागली.

तरीही लंडनला आधी पोहोचले ते बारीच. ब्रिटिश ओपन म्हणजे त्या काळी जणू जगज्जेतेपदच. १९५० साली भारताच्या पाठबळावर बारी तेथे उतरले आणि थेट अंतिम फेरीत धडकले. इजिप्तच्या महमूद करीम यांच्याकडून ते हरले; पण परक्या मुलुखातले हे उपविजेतेपद काही थोडके नव्हे.

ही वार्ता पेशावरला पोहोचली. आपण हरवलेला खेळाडू लंडनचा अंतिम सामना खेळतो, हे कळताच हशीम यांनी खटपट सुरू केली. पाकिस्तानी हवाई दल पाठीशी उभे राहिले आणि १९५१ मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, त्यांनी करीम यांनाच नमवले. पुढे ही स्पर्धा त्यांनी एकूण सात वेळा जिंकली. बारींच्या वाट्याला ते विजेतेपद कधीच आले नाही.