प्रश्नाला पुराणाने उत्तर देणारे फादर स्टीफन्स

मराठीची थोरवी सांगणाऱ्या फादर स्टीफन्स यांच्या ओव्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत पाठ केल्या आहेत. परीक्षेत कवीचं नाव लिहिलं, दोन गुण मिळाले, विषय संपला. पण एका इंग्रज माणसाने जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत का लिहिल्या, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर फार साधं आहे. लोकांनी त्यांना प्रश्न विचारले होते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात, बुशटन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. तो काळ एलिझाबेथ राणीचा. राज्याचा धर्म प्रोटेस्टंट झाला होता आणि कॅथलिक राहणं धोक्याचं होतं. स्टीफन्स यांचा जिवाभावाचा मित्र तुरुंगात पडला. ते स्वतः रोमला पोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. श्रद्धेपायी माणसाला काय सोसावं लागतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवू या, कारण पुढे गोव्यात ते सत्तेच्या बाजूला उभे राहणार होते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचं जहाज सुटलं आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. साडेसहा महिन्यांच्या या प्रवासाचं वर्णन करणारं पत्र त्यांनी वडिलांना लिहिलं. ते पुढे इंग्लंडात छापलं गेलं आणि व्यापाऱ्यांनीही वाचलं. भारतात येऊन राहिलेला पहिला माहीत असलेला इंग्रज म्हणून त्यांचं नाव घेतात. १५८३ मध्ये राल्फ फिच आणि त्याचे सोबती कैदी म्हणून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांना जामीन मिळवून देण्याच्या खटपटीत फादर स्टीफन्सही होते. पण त्यांचं खरं काम राजधानीत नव्हतं. मडगाव, रायतूर आणि आसपासच्या गावांचा जो साष्टी तालुका, तिथे त्यांची जवळपास चाळीस वर्षं गेली.

ही साष्टी कशी होती? १५६७ च्या सुमारास तिथली देवळं पाडली गेली होती. लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. जुन्या पोथ्या जवळ बाळगायला बंदी होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्यासोबतच्या काही जणांना ठार केलं. ते मृतदेह मिळवून दफन करण्याचं काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आलं. त्यानंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं. आज हे वाचताना दोन्हीकडच्या मृतांसाठी मन जड होतं. चर्चच्या इतिहासातलं हे पान झाकून ठेवून चालणार नाही.

अशा ठिकाणी धर्म शिकवायचा म्हणजे काय? सत्तेच्या जोरावर लोकांना देवळात येण्यापासून अडवता येतं, पण त्यांच्या मनातला प्रश्न अडवता येत नाही. फादर स्टीफन्स यांनी आधी भाषा शिकायला घेतली. घरातली कोकणी आणि पोथीतली मराठी, दोन्ही त्यांनी आत्मसात केल्या. १५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते. भाषाशास्त्रज्ञांनी ही गोष्ट सिद्ध करायला पुढे दोनशे वर्षं घेतली. कोकणीचं व्याकरणही त्यांनी लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण ते हेच.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. रविवारी लोक धर्मशिक्षणासाठी देवळात जमले आहेत. त्यांच्यातला एक जण उठून पाद्रीबाबांना विनंती करतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की तुम्ही जे शिकवता ते चांगलंच आहे, पण ते मुलांना शिकवायच्या पाठासारखं आहे. आमच्या वाडवडिलांकडे पुराणं होती, ती आता वाचायची नाहीत म्हणता, मग त्या जागी आम्ही काय वाचायचं?

किती साधा आणि किती अवघड प्रश्न! त्यात तक्रार आहे, दुःख आहे आणि भूकही आहे. अशा माणसाला गप्प बसवणं सोपं होतं. फादर स्टीफन्स यांनी त्याला ग्रंथाच्या दारातच जागा दिली आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सगळं पुराण रचलं. रचलं तेही ओवीत, म्हणजे ज्या छंदात ज्ञानेश्वर बोलले आणि ज्यात त्यांचेच समकालीन एकनाथ लिहीत होते, त्याच छंदात.

या पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात नवा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे बायबलचं भाषांतर नाही. बायबलातल्या कथा क्रमाने सांगणारं आणि मधे थांबून श्रोत्यांच्या शंका सोडवणारं हे कथन आहे. नव्या कराराचं मराठी भाषांतर छापून यायला १८११ साल उजाडलं, विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून.

आजही वर्गात किंवा हॉस्टेलवर जे प्रश्न कानावर येतात, त्यांना या रचनेतच उत्तरं सापडतात. हा देव परक्यांचा नाही का? पुराण सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू होतं. ज्याने आकाश आणि माती केली तो एका मुलखाचा कसा असेल? देव चांगला, तर पाप आलं कुठून? देवदूतांचं पतन आणि आदाम-एवेची कथा सांगते की देवाने निवडीचं स्वातंत्र्य दिलं आणि ते वापरताना चूक झाली. मग देवाला माणूस होऊन क्रूसावर मरायची काय गरज होती? कारण जे तुटलं ते माणसाला स्वतःहून जोडता येत नव्हतं. प्रेम करणारा लांबून हुकूम सोडत नाही, तो खाली उतरून येतो. ही उत्तरं सगळ्यांना पटतील असं नाही. पण ती देताना फादर स्टीफन्स वैकुंठ आणि मोक्ष हे ऐकणाऱ्याच्या ओळखीचे शब्द वापरतात. जिथे नवा अर्थ ओळखीच्या शब्दात मावत नाही, तिथे बाप्तिस्म्यासारखा परका शब्द तसाच ठेवतात.

ग्रंथ इथल्या लिपीत छापावा असं त्यांना फार वाटत होतं. १६०८ मध्ये त्यांनी रोमला पत्र लिहून ही इच्छा कळवली. अडचण अशी की युरोपातल्या चोवीस अक्षरांच्या जागी इथे सुमारे सहाशे साचे पाडावे लागणार होते. ते काही जमलं नाही. १६१६ मध्ये रायतूरला पुराण रोमी लिपीत छापलं गेलं. १६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. १६२२ मध्ये त्यांची कोकणी ख्रिस्ती प्रश्नोत्तरी निघाली. तिचीही मांडणी संवादाचीच!

पुढची गोष्ट चटका लावणारी आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या भाषेत उत्तर दिलं होतं, तीच आता नकोशी झाली. पुराणाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतली एकही प्रत आज सापडत नाही. तरी ग्रंथ जगला, कारण लोकांनी तो हाताने उतरवून ठेवला होता. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतून उपवासकाळात तो गायला जात असे. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये पुण्यात देवनागरीत आला. म्हणजे फादर स्टीफन्स यांची इच्छा पुरी व्हायला साडेतीनशे वर्षं लागली.

सत्तेने जे लादलं त्यातलं पुष्कळसं मोडून पडलं. ही ओवी मात्र लोकांनी आपण होऊन सांभाळली, कारण ती त्यांच्याच प्रश्नाला त्यांच्याच भाषेत दिलेलं उत्तर होती. म्हणून मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ख्रिस्ती श्रद्धेबद्दल काही विचारलं, तर उत्तराची घाई करू नका. आधी त्याचा प्रश्न नीट ऐकून घ्या. आणि आपल्या मनात शंका असेल, तर साष्टीतल्या त्या माणसासारखं उठून विचारायला लाजू नका.