तीन मिनिटांत राग बसवायचा कसा? जी. एन. जोशींनी रेकॉर्डिंगवाल्यांना दिलेला धडा

भंडाऱ्याजवळ कारध्याला वैनगंगा ओलांडली की महामार्ग सरळ पूर्वेला जातो. साकोली, देवरी, मग छत्तीसगडचं राजनांदगाव. तिथून उत्तरेला वळलं की खैरागड. इथल्या राजवाड्यात आज संगीताचं विद्यापीठ आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण भारतातल्या रेकॉर्डिंगच्या इतिहासातलं एक मोठं नाव याच गावात 1909 साली जन्मलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

गोविंद नारायण जोशी, म्हणजेच जी. एन. जोशी.

ब्रिटनमध्ये बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षेला ‘म्युझिक टेक्नॉलॉजी’ हा स्वतंत्र विषय असतो. रेकॉर्डिंगचं तंत्र कसं बदलत गेलं, हे त्यात शिकावं लागतं. आपल्याकडच्या कुणाला हा विषय समजून घ्यायचा असेल, तर जोशींचं आयुष्य वाचलं तरी अर्धा अभ्यास होईल.

शिक्षणाने वकील, पण जीव गाण्यात. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विदर्भातलेच आणि वयानेही त्यांच्याच बरोबरीचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन ध्वनिमुद्रित केली. ती इतकी गाजली की मराठी भावगीताची सुरुवात अनेक जण तिथूनच मोजतात. गंगूबाई हनगल तेव्हा रेकॉर्डवर गांधारी हनगल या नावाने गायच्या, त्यांच्यासोबतची जोशींची द्वंद्वगीतंही घराघरांत पोचली.

1938 साली मात्र ते माइकच्या पलीकडे गेले. एचएमव्ही कंपनीत रेकॉर्डिंगची जबाबदारी त्यांनी घेतली.

आता त्या काळाची अडचण समजून घ्या. 78 आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटं चालायची. गाणं थेट मेणाच्या तबकडीवर कोरलं जायचं. कट-पेस्ट हा प्रकारच नाही. शेवटच्या दहा सेकंदांत ठेका चुकला तरी ती तबकडी वाया, पुन्हा पहिल्यापासून. मिक्सिंगही नाही. तबला जास्त ऐकू येतोय? मग तबलजीला उचलून मागे बसवा. अंतर हाच तेव्हाचा फेडर होता!

भावगीत या चौकटीत छान बसतं. ख्यालाचं काय? तास-तासभर राग मांडणाऱ्या उस्तादांना घड्याळाकडे बघून गायला लावणं म्हणजे त्यांचा अपमानच. म्हणून कित्येक जण रेकॉर्डिंगपासून लांब राहत. इथे जोशींचं गायक असणं कामी आलं. समोरचा माणूस कंपनीचा असला तरी त्याला सुरातलं कळतं, हा भरवसा कलाकारांना होता. बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर यांच्यासारख्यांकडून त्यांनी रेकॉर्डिंग करून घेतलं. माझ्या मते कोणत्याही मशीनपेक्षा हा भरवसा मोठा होता.

पुढे टेप आली, चुकलेली जागा पुन्हा घेता येऊ लागली. मग एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. उस्ताद अमीर खाँ यांची अतिविलंबित गायकी तीन मिनिटांत कोंबणं अशक्यच होतं. एलपीच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, अशी त्यांची रेकॉर्ड निघाली. ही रेकॉर्ड घडवून आणण्यामागे जोशीच होते. आजही गाणं शिकणारी मुलं ती ऐकतात.

आणि 1967चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांचं गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. आज आपण ज्याला कॉन्सेप्ट अल्बम म्हणतो, तो हाच. याचे निर्माते जोशी. परदेशातही तो भरपूर ऐकला गेला.

या साऱ्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. 1994 साली ते गेले.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ नेटवर सहज सापडतो. एकदा हेडफोन लावून ऐका आणि संतूर कुठल्या कानात, बासरी कुठल्या, एवढंच फक्त बघा.