कमला निंबकर

कमला विष्णू निंबकर (जन्म : १९००, मृत्यू : १९७९) या भारतात व्यवसायोपचार ही शाखा रुजवणाऱ्या अमेरिकन वंशाच्या कार्यकर्त्या होत्या. आजार, अपंगत्व किंवा विकासातील अडचणींमुळे दैनंदिन व्यवहार अवघड झालेल्या व्यक्तीला हेतुपूर्ण कृतींच्या साहाय्याने स्वावलंबी करणे, हे व्यवसायोपचाराचे उद्दिष्ट असते.

जीवन
त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. त्यांचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका क्वेकर कुटुंबात झाला. १९३० साली विष्णू निंबकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी कमला हे नाव स्वीकारले आणि भारत हीच कर्मभूमी मानली. कृषितज्ज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे पुत्र. पुढे त्यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले.

कार्य
१९५० साली मुंबईतील के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. ते आशियातील पहिले मानले जाते. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने या शाखेतील तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता.

बालकांसाठी महत्त्व
झोपाळा, जिना, घसरगुंडी यांना काही मुले अतिशय घाबरतात. पाय जमिनीवरून सुटताच किंवा न्हाऊ घालताना डोके मागे झुकवताच ती रडू लागतात. अशा मुलांना भित्रे किंवा हट्टी ठरवले जाई. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स (१९२०–१९८८) यांनी या भीतीचा संबंध अंतःकर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येणाऱ्या संवेदनांचा अर्थ मेंदू कसा लावतो, याच्याशी जोडला. त्यांच्या पद्धतीत मुलावर बळजबरी केली जात नाही. प्रथम पाय जमिनीला टेकतील असा बुटका झोपाळा दिला जातो. गती मूलच ठरवते आणि ते म्हणेल तेव्हा खेळ थांबतो. उंची व वेग हळूहळू वाढवले जातात. मुलाला अचानक उचलणे, चिडवणे किंवा इतरांशी त्याची तुलना करणे टाळले जाते. भारतात असे साहाय्य देणाऱ्या तज्ज्ञांच्या प्रशिक्षणाचा पाया निंबकर यांच्या विद्यालयाने घातला.

स्मृती
सातारा जिल्ह्यातील फलटण येथील 'कमला निंबकर बालभवन' ही मराठी माध्यमाची शाळा त्यांच्या नावाने चालते.