संस्कृत शिकवणाऱ्या प्राध्यापकानं महाराष्ट्राला दोनदा रणजी जिंकून दिली, त्यानंतर ती परत आलीच नाही

जळगावच्या शिवतीर्थ मैदानावर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर जे पोरगं आज किट बॅग घेऊन उभं आहे, त्याला मोठं क्रिकेट खेळायचं असेल तर त्याचा रस्ता मुंबईला जात नाही. तो पुण्याला जातो.

हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. राज्य एक असलं तरी रणजीच्या टीम तीन आहेत, मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरला गेलात की तुम्ही क्रिकेटच्या हिशोबानं विदर्भात गेलात. अलीकडे जळगाव, धुळे, नंदुरबार हे सगळं महाराष्ट्राच्या टीमकडे. म्हणजे ऋतुराज गायकवाड ज्या टीमकडून खेळतो ती.

आता तिघांचं प्रगतिपुस्तक बघा. मुंबईकडे रणजीच्या चाळीसपेक्षा जास्त ट्रॉफ्या आहेत. ज्यांना कुणी धरतच नव्हतं त्या विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन मारल्या. आणि आपल्या महाराष्ट्राकडे? दोन. त्याही १९३९-४० आणि १९४०-४१ च्या. तेव्हा देश स्वतंत्रसुद्धा झाला नव्हता.

या दोन्ही ट्रॉफ्या एका माणसाच्या कॅप्टनशिपखाली आल्या. त्याचं नाव दिनकर बळवंत देवधर. देवधर ट्रॉफी ऐकून माहीत असते, पण ती ज्यांच्या नावानं आहे ते पुण्यात संस्कृत शिकवायचे, हे फार जणांना माहीत नसतं.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्यातला. १९११ मध्ये ते हिंदू संघाकडून पहिला मोठा सामना खेळले. त्या काळात मुंबईत धर्माच्या नावानं टीम असायच्या. युरोपियन, पारशी, हिंदू, पुढे मुस्लिमही आले. आज विचित्र वाटतं, पण तेव्हा देशातलं सगळ्यात मोठं क्रिकेट हेच होतं.

खेळून पोट भरायची सोय नव्हती. देवधर शिकलेले होते, ते प्राध्यापक झाले. पुण्याचं न्यू पूना कॉलेज म्हणजे आजचं एस. पी. कॉलेज. तिथे संस्कृत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात क्रिकेट खेळायचं, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं.

देशभर नाव झालं ते १९२६ मध्ये. आर्थर गिलिगनच्या कॅप्टनशिपखाली एमसीसीची टीम भारतात आली होती. त्या दौऱ्यात सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा कुटल्या, ती खेळी अजूनही सांगितली जाते. त्याच महिन्यात, त्याच बॉम्बे जिमखान्यावर भारताकडून खेळताना देवधरांनी १४८ काढल्या, ती मात्र कमी सांगितली जाते. हिंदी माणसं गोऱ्यांच्या तोडीचं खेळतात हे या दौऱ्यात दिसलं आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १९२८ मध्ये भारताचं क्रिकेट बोर्ड उभं राहिलं.

पण बोर्ड उभं राहून टीम पहिली टेस्ट खेळायला लॉर्ड्सवर उतरली ती १९३२ मध्ये. तोवर देवधर चाळीस वर्षांचे झाले होते. त्या टीममध्ये ते नव्हते, त्यानंतरच्याही कुठल्या नव्हते. ते एकही टेस्ट खेळले नाहीत.

दुसरा कुणी असता तर इथे त्याची गोष्ट संपली असती. देवधरांची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

१९३४-३५ मध्ये रणजी ट्रॉफी सुरू झाली आणि प्रांताप्रांतांच्या, संस्थानांच्या टीम तयार झाल्या. यात संस्थानांचं काम सोपं होतं. राजाकडे पैसा होता, फौज होती, नोकऱ्या होत्या. चांगला खेळाडू दिसला की त्याला दरबारात किंवा फौजेत हुद्दा द्यायचा, काम एकच, क्रिकेट. नवानगरनं १९३६-३७ ची रणजी जिंकली. पुढे इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडूंना घेऊन चार वेळा जिंकली.

शेजारी मुंबई होती. तिच्याकडे राजा नव्हता, पण जिमखाने होते, क्लब होते, ऑफिसांच्या टीम होत्या. रोज खेळायला तोडीस तोड माणसं होती.

महाराष्ट्राच्या टीमकडे यातलं काय होतं? पुण्यातले दोन-चार क्लब, कॉलेजं, सांगली-मिरजेकडची पोरं. आणि पन्नाशीकडे झुकलेला एक प्राध्यापक कॅप्टन.

या टीममध्ये सांगलीत जन्मलेला विजय हजारे होता, वय २४. रंगा सोहोनी होता, वय २१, बॉलही टाकायचा आणि बॅटिंगही करायचा. कमल भांडारकर होते, जे पुढे पुण्यातले नावाजलेले कोच झाले. कॅप्टन आणि या पोरांच्या वयात एवढं अंतर होतं की कॉलेजात असते तर ती देवधरांच्या समोरच्या बाकावर बसली असती.

१९३९-४० च्या सीझनमध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारेनं नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतली ही पहिली ट्रिपल सेंच्युरी. यातली मजा अशी की नवव्या विकेटला त्याच्या साथीला आला नागरवाला आणि दोघांनी मिळून २४५ धावा जोडल्या. नागरवालाच्या त्यात ९८. शेवटून दुसरा माणूस येऊन ९८ काढतो, तेव्हा त्या टीममध्ये कुणी स्वतःला शेपूट समजत नव्हतं हे कळतं. फायनलमध्ये महाराष्ट्रानं संयुक्त प्रांताला, म्हणजे आजच्या यूपीला, १० विकेटनं हरवलं.

पुढच्या सीझनला, १९४० च्या शेवटाला, पुण्यात मुंबईची टीम आली. इथे एक नियम माहीत हवा. सामना पूर्ण झाला नाही तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, तो पुढे जायचा. त्यामुळे पहिला डाव म्हणजेच सामना. महाराष्ट्रानं ६७५ धावा केल्या. त्यात देवधरांच्या एकट्याच्या २४६, वयाच्या ४८ व्या वर्षी. आज या वयाची माणसं सोसायटीच्या मॅचमध्ये दोन रन पळाली की कमरेला हात लावतात.

पण मुंबईही मुंबईच होती. खंडू रांगणेकरनं डबल सेंच्युरी ठोकली आणि स्कोअर सरकत सरकत ६५० पर्यंत आला. दोन डावांत मिळून १३२५ धावा झाल्या आणि निकाल लागला २५ धावांच्या आघाडीवर. महाराष्ट्र पुढे गेला. त्याच सीझनमध्ये उत्तर हिंदुस्थानच्या टीमविरुद्ध महाराष्ट्रानं ७९८ धावांचा डोंगर केला आणि फायनलला मद्रासमध्ये जाऊन मद्रासला ६ विकेटनं हरवलं. सलग दुसरी रणजी.

आता थोडं अमेरिकेत जाऊ. विषय सोडत नाहीये, थांबा.

याच काळात तिकडे बेसबॉलमध्ये ब्रँच रिकी नावाचा एक माणूस सेंट लुई कार्डिनल्स या टीमचा कारभार बघत होता. न्यूयॉर्कच्या टीमांसारखा पैसा त्याच्याकडे नव्हता. तयार स्टार विकत घेणं परवडत नाही, तर आपण आपलेच तयार करू, असा त्याचा हिशोब. त्यानं लहान लहान गावांतल्या टीम कार्डिनल्सला जोडून घेतल्या, कोवळी पोरं तिथे घातली आणि पक्की झाली की वर आणली. जळगावच्या माणसाला हे दोन शब्दांत कळेल, केळीची रोपवाटिका. रोप आधी तिथे वाढवायचं, मग बागेत लावायचं. कार्डिनल्सनं १९२६, १९३१ आणि १९३४ अशी तीन वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली.

रिकी आणि देवधर, दोघांपुढे अडचण एकच होती. पैसेवाल्या टीमशी लढायचं आणि त्यासाठी स्वतःची पोरं घडवायची. फरक पुढच्या गोष्टीत होता. अमेरिकेत खेळाडूच्या करारात एक कलम असायचं, त्यामुळे क्लबनं सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाताच यायचं नाही. खेळाडूंवर तो उघड अन्याय होता, पुढे त्यावरून कोर्टबाजीही झाली. पण रिकीनं वाढवलेलं रोप रिकीच्याच बागेत राहायचं. देवधरांकडे असं कलम नव्हतं आणि पोरांना बांधून ठेवेल असा पगारही नव्हता.

झालं तेच. १९४१ नंतर हजारे बडोद्याकडून खेळायला लागले. १९४२-४३ ची रणजी बडोद्यानं जिंकली. १९४६-४७ च्या फायनलला हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली, ती जगभर गाजली. त्या धावा बडोद्याच्या खात्यात गेल्या. यात हजारेंना दोष द्यायचं कारण नाही. चार वर्षांच्या खेळावर आयुष्य काढायचं असतं, दरबारानं आसरा दिला तर कोण नाही म्हणेल? महाराष्ट्राकडे देण्यासारखं काय होतं, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर एकट्या कॅप्टनला देता येण्यासारखं नव्हतं.

मग डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईनं हिशोब चुकता केला. विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या, मुंबईनं ७३५. त्या मारात महाराष्ट्राचा २० वर्षांचा एक लेगस्पिनर ७५ पेक्षा जास्त ओव्हर टाकत राहिला आणि ५ विकेट घेऊन आला. त्याचं नाव सदू शिंदे. वयाच्या सतराव्या वर्षी, दुसऱ्या विजेतेपदाच्या सीझनमध्ये तो महाराष्ट्राकडून पहिल्यांदा खेळला होता. पुढे १९५१ मध्ये दिल्लीच्या टेस्टमध्ये त्यानं इंग्लंडच्या ६ विकेट काढल्या. ३१ व्या वर्षी, १९५५ मध्ये तो गेला. शरद पवारांचे सासरे ते हेच.

रंगा सोहोनीही टेस्ट खेळला, १९४६ ला इंग्लंडला जाऊन आला. हजारे तर भारताचे कॅप्टन झाले आणि १९५२ मध्ये मद्रासला भारतानं पहिली टेस्ट जिंकली ती त्यांच्याच कॅप्टनशिपखाली. कॅप्टनला स्वतःला जी टोपी कधी मिळाली नाही, ती त्याच्या टीममधल्या पोरांनी घातली.

देवधरांबद्दल एक खटकणारी गोष्टही बोलायला हवी. ते स्वतः थांबले कधी? लवकर नाहीच. १९४४ मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन सेंच्युरी मारल्या, १०५ आणि १४१. पहिल्या महायुद्धाच्या आधी खेळायला सुरुवात केलेला माणूस दुसरं महायुद्ध संपल्यावरही खेळत होता. यामुळे एखाद्या तरुणाची जागा अडली का, असा प्रश्न कुणाला पडू शकतो. आमचं मत विचाराल तर २४६ आणि दोन सेंच्युऱ्या काढणाऱ्याला वय विचारायचं नसतं. वय बघून बाहेर ठेवण्याचा प्रयोग टेस्ट टीमनं त्यांच्यावर करून झाला होताच.

घरातही हेच वातावरण होतं. त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन बॅडमिंटन खेळायच्या. नुसत्या खेळायच्या नाहीत, १९४० च्या दशकात त्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. ज्या काळात मुलगी मॅट्रिक झाली की स्थळं बघायला सुरुवात व्हायची, त्या काळात पुण्यातल्या एका प्राध्यापकाच्या मुली रॅकेट घेऊन देशभर फिरत होत्या. टीम घडवणं म्हणतात ते घरापासून होतं की नाही बघा.

बॅट खाली ठेवल्यावर देवधर टेस्ट टीमचे सिलेक्टर झाले, बोर्डाचे उपाध्यक्ष झाले, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्षही झाले. १९६५ ला पद्मश्री मिळाली, १९९१ ला पद्मभूषण. १९७३-७४ मध्ये बोर्डानं विभागीय टीमसाठी वनडेची स्पर्धा सुरू केली आणि तिला देवधरांचं नाव दिलं. ज्यांनी दिवसच्या दिवस पिचवर काढले त्यांच्या नावानं झटपट क्रिकेटची स्पर्धा, हे एक गंमतच.

महाराष्ट्राची टीम त्यानंतर तीनदा फायनलपर्यंत गेली. १९७०-७१ ला मुंबईनं हरवलं. २०१३-१४ ला हैदराबादमध्ये कर्नाटकानं हरवलं. या दोघांच्या मधली एक फायनल होती १९९२-९३ च्या सीझनची, लुधियानाला, पंजाबविरुद्ध. तेव्हा देवधर हयात होते, वय १०१. महाराष्ट्र हरला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला पुण्यात देवधर गेले.