सीएसएमटीसमोरची ती इमारत आणि पहिले हिंदी बॅरिस्टर : बद्रुद्दीन तय्यबजी

नाशिक रोडवरून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून हायकोर्टाच्या तारखेला जाणारे वकील, अशील आपल्याकडे काही कमी नाहीत. सीएसएमटीला उतरून बाहेर आलं की रस्त्यापलीकडे अंजुमन-ए-इस्लामची जुनी दगडी इमारत दिसते. हायकोर्टाकडे जाणारी मंडळी तिच्यासमोरूनच पुढे जातात. ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक माणूस त्याच हायकोर्टातला पहिला हिंदी बॅरिस्टर होता आणि पुढे तिथलाच न्यायमूर्ती झाला, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यांचं नाव बद्रुद्दीन तय्यबजी.

सध्या आपल्या समाजातली मुलं-मुली एलएल.बी. होऊन सनद घेत आहेत. कुणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसतंय, कुणी हायकोर्टात ज्युनियर म्हणून उभं राहतंय. अशा वेळी या वाटेवर पहिलं पाऊल टाकणाऱ्या माणसाची आठवण व्हायलाच हवी.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. वालिद मुल्ला तय्यब अली हे खंबायतहून आलेल्या सुलेमानी बोहरा घराण्यातले व्यापारी. स्वतः दीनदार, पण मुलांना इंग्रजी तालीम मिळालीच पाहिजे यावर ठाम. त्या काळी इंग्रजी शिकला की पोरगा हाताबाहेर गेला, अशी भीती घराघरात होती. तय्यब अलींनी ती बाजूला सारली आणि मुलांना थेट विलायतेला धाडलं. थोरले कमरुद्दीन तिथे सॉलिसिटर झाले. विलायतेत सॉलिसिटर म्हणून नोंद झालेले ते पहिले हिंदी.

बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले. 1860 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते लंडनला शिकायला लागले. सुएझचा कालवा तेव्हा खुला झाला नव्हता आणि मुंबई विद्यापीठ जेमतेम तीन वर्षांचं होतं. 1863 मध्ये त्यांनी मिडल टेंपलमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. पण डोळे साथ देईनात. वाचनाचाच पेशा आणि नजरच अधू! 1864 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना घरी परतावं लागलं. इथे अनेकांनी नाद सोडला असता. ते मात्र पुढच्याच वर्षी पुन्हा बोटीत बसले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर होऊनच परतले.

मुंबई हायकोर्टात तोवर एकही हिंदी बॅरिस्टर नव्हता. तिथल्या मूळ शाखेत अशील आधी सॉलिसिटरकडे जायचा आणि कोणता बॅरिस्टर उभा करायचा ते सॉलिसिटर ठरवायचा. साहजिकच कामं गोऱ्या बॅरिस्टरांकडे जायची. भाऊ सॉलिसिटर असल्याचा आधार होता, पण टिकायचं ते स्वतःच्या कामावरच. शांत बोलणं आणि उलटतपासणीतली पकड यांवर त्यांनी नाव कमावलं.

पैसा आणि नाव आल्यावर ते घरात बसले नाहीत. 1873 मध्ये मुंबई महापालिकेत गेले. 1883 मध्ये इल्बर्ट बिलावरून वाद पेटला. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवावा की नाही, हा प्रश्न होता. तेव्हा फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासोबत तय्यबजी उभे राहिले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान आणि तिघेही वकील. याच तिघांनी 1885 मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली.

1887 मध्ये मद्रासच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, पहिले मुस्लिम अध्यक्ष. त्यावरून सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. सर सय्यद यांचं म्हणणं, कौम अजून तालीममध्ये मागे आहे, राजकारणात पडलो तर नुकसान आपलंच. तय्यबजींचं म्हणणं वेगळं. जे प्रश्न सगळ्या देशाचे आहेत त्यात आपण सगळ्यांबरोबर असावं. जिथे आपल्या हिताला धक्का लागत असेल तिथे आत राहून विरोध करावा. दोघांत पत्रव्यवहार झाला, पण एकमेकांचा आदर सुटला नाही. पुढे काँग्रेसने नियमच केला की, ज्या विषयाला हिंदू किंवा मुस्लिम प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल तो विषय चर्चेला घ्यायचा नाही. त्यामागे तय्यबजींचाच आग्रह होता. आणि तालीमचं म्हणाल, तर 1903 मध्ये सर सय्यद यांनीच सुरू केलेल्या शैक्षणिक परिषदेचं मुंबईतलं अध्यक्षपद तय्यबजींनी भूषवलं.

1895 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दोनच वर्षांनी त्यांच्या कसोटीचा दिवस आला. जुलै 1897 मध्ये केसरीतल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. पुण्यात रँडचा खून झालेला, सरकार खवळलेलं. टिळकांचा जामीन आधी हायकोर्टातही नाकारला गेला होता. मग अर्ज न्या. तय्यबजींपुढे आला. काँग्रेसचा माजी अध्यक्ष टिळकांना सोडतो, असा ठपका यायला वेळ लागला नसता. तरी 4 ऑगस्टला त्यांनी जामीन दिला. विचार साधा होता : गुन्हा अजून शाबीत झालेला नाही, आरोपीला बचावाची तयारी करू द्यायला हवी. पुढे न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालून टिळकांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे तय्यबजींनी टिळकांना निर्दोष ठरवलं नव्हतं. कायद्याने जे द्यायला हवं होतं ते दिलं, एवढंच. आजही कोर्टात जामिनावर वाद होतो तेव्हा मुद्दा हाच असतो.

1902 मध्ये ते हंगामी मुख्य न्यायमूर्ती झाले. मुंबईत त्या खुर्चीवर बसलेले पहिले हिंदी तेच.

घरातही त्यांनी वेगळं वागून दाखवलं. मुलींना शाळेत घातलं, पडद्याची सक्ती सोडली. 1891 मध्ये मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला. आपल्यातल्याच अनेकांना ते रुचलं नाही, पण ते मागे हटले नाहीत.

19 ऑगस्ट 1906 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वय 61. पुतणे अब्बास तय्यबजी हेही बॅरिस्टर. बडोद्यात न्यायाधीशपद भूषवून निवृत्त झालेले हे गृहस्थ 1930 मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले.

1874 मध्ये तय्यबजी बंधू आणि त्यांच्या साथीदारांनी सुरू केलेल्या अंजुमनची पहिली शाळा 1880 मध्ये उघडली. आज तिच्या अनेक शाळा-कॉलेजं आहेत, बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांच्या नावाचं लॉ कॉलेजही आहे. म्हणजे जे शिकायला तय्यबजींना बोटीने लंडन गाठावं लागलं, ते आता नाशिक रोडच्या मुलीला पंचवटीच्या तिकिटात गाठता येतं. तय्यब अलींनी दाखवली तेवढी हिंमत तिच्या आईवडिलांनी दाखवली, म्हणजे झालं.