देवींना साडी नेसवणारा चित्रकार : राजा रविवर्मा



मी लेखक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रूळ, स्लीपर, खडी यांतच वीस वर्षे गेली. तरीही यंदा स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, त्याला गेल्या वर्षीचा एक प्रसंग कारणीभूत आहे.

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मुलांनी नल-दमयंतीचा प्रवेश केला, हे आपल्याला आठवत असेल. कपडेपटाची जबाबदारी माझ्यावर आली. मला काम सोपे वाटले. दमयंती हंसाशी बोलते आहे, हे रविवर्मांचे चित्र लहानपणापासून डोळ्यांसमोर होते. तशीच जरीकाठी साडी आणायची, की झाले. पण तालमीच्या वेळी आमच्या कचेरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सहज विचारले, की नलराजाच्या काळी अशी साडी होती कशावरून? मला उत्तर देता आले नाही. मग सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसू लागलो. तेव्हा समजले, की हाच प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी खुद्द रविवर्मांना पडला होता आणि त्याच्या उत्तरासाठी त्यांनी मोठा प्रवास केला होता.

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी मामांकडे गिरवले. चौदाव्या वर्षी, 1862 साली, मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला राजवाड्यात नेले. तैलरंग तेव्हा नवीन होते आणि ते शिकवायला कोणी तयार नव्हते. 1868 साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार दरबारात आले. त्यांनीही शिकवले नाही, फक्त काम चालू असताना पाहू दिले. या मुलाने पाहून पाहून हात बसवला. आमच्या खात्यातही जुना मिस्त्री फारसे बोलत नाही. शिकाऊ पोराने त्याच्या हाताकडे पाहूनच शिकायचे असते. म्हणून ही गोष्ट मला विशेष जवळची वाटली.

1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले आणि नाव सर्वत्र झाले. पुढे त्यांना बडोद्याला नेण्यात एका मराठी माणसाचा हात होता, हे आपल्यासारख्या दक्षिणेत स्थायिक झालेल्यांना वाचून आनंद होईल. ते म्हणजे सर टी. माधवराव. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण होते. 1881 साली सयाजीराव महाराजांच्या राज्याधिकार समारंभाच्या वेळी रविवर्मा बडोद्याला गेले. 1888 साली महाराजांनी त्यांच्यावर मोठे काम सोपवले. रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील प्रसंगांची चौदा चित्रे काढायची होती.

येथे खरी अडचण आली. चेहरा कल्पनेने काढता येतो, दागिनेही जमतात. पण सुभद्रेने काय नेसावे? दमयंतीचा पदर कोणत्या खांद्यावर असावा? रविवर्मांच्या स्वतःच्या केरळात बायका मुंडू नेसत. तो पोशाख बडोद्याच्या प्रेक्षकाला परका वाटला असता. शिवाय पुराणातली माणसे एका प्रांताची नव्हेत, साऱ्या देशाची. तेव्हा रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा, जे स्वतः उत्तम चित्रकार होते, पेहरावाचा शोध घेत उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले. रेल्वेचे जाळे तेव्हा नुकते पसरले होते. रुळांवर काम करणाऱ्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनी क्षमा करावी.

प्रवासाचा निष्कर्ष काय निघाला? प्रांतागणिक नेसण वेगळी, विणकर वेगळा, काठ वेगळे. साऱ्या देशाचा असा एकच जुना पोशाख त्यांना कोठेही सापडला नाही. शेवटी त्यांनी चालत्या-बोलत्या स्त्रियांच्या अंगावरची साडी निवडली, आणि त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर तर आपल्या महाराष्ट्रातली नऊवारी आहे. 1890 साली बडोद्याची चित्रे पुरी झाली. शोधाचे दुसरे फळही मिळाले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्यांचे वादक स्त्रियांचे चित्र आहे. अकरा स्त्रिया, पेहराव निरनिराळ्या प्रांतांचे. बंगळूरहून सकाळच्या गाडीने गेलात, तर पाहून संध्याकाळी परत येता येते. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात त्यांची अशीच दहा चित्रे गेली आणि तेथेही त्यांचा गौरव झाला. ज्या बायकांना पाहून त्यांनी ती रंगवली, त्यांच्या साड्या केव्हाच विरल्या, पण नेसण्याची तऱ्हा कॅनव्हासवर राहिली.

राजवाड्यातली चित्रे सामान्य माणसाला कशी दिसणार? म्हणून 1894 साली रविवर्मांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट रेघेला चिकटते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. हे सारे रंग कागदावर नेमके एकावर एक बसले पाहिजेत. थोडा फरक पडला, तर काठ साडीबाहेर जातो. गेज मोजणाऱ्या माणसाला यातली कसरत लगेच कळते. या छापखान्यातून लक्ष्मी आणि सरस्वती साडी नेसून घरोघरी गेल्या. काही घरांत तर बायकांनी त्या छापील चित्रांवर खरी जर, टिकल्या आणि कापड शिवून देवीला पुन्हा सजवले.

पुढे प्लेगच्या वर्षांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केले. पण रविवर्मांना व्यवहार जमला नाही. कर्ज वाढले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना त्यांनी श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. 1905 साली प्रवासात आणि कामात सावलीसारखे सोबत असणारे राजराज वर्मा वारले. अखेरच्या वर्षांत रविवर्मांनी म्हैसूर दरबारासाठी पुराणचित्रे केली आणि 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरला देह ठेवला. मळवलीचा छापखाना नव्या मालकाकडे पुढेही अनेक वर्षे चालला. 1972 साली तो आगीत भस्मसात झाला.

आता माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलात, तर एका बाजूला भाज्याची लेणी आहेत आणि दुसऱ्या बाजूला थोड्या अंतरावर कार्ल्याची. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली जोडपी उभी आहेत. स्त्रियांच्या कमरेला मेखला आणि झिरझिरीत वस्त्र, हातापायांत जड दागिने, वरचे अंग उघडे. पुरुषांना भरजरी पागोटी. तेथे आजची साडी नाही की शिवलेले पोलके नाही. म्हणजे ज्या गावात साडीतल्या देवी छापल्या जात होत्या, त्याच गावाच्या डोंगरात जुन्या पेहरावाचा पुरावा उभा होता. डॉ. गो. स. घुर्ये यांच्यासारख्या विद्वानाने भारतीय वेशभूषेवर ग्रंथ लिहिला तो 1951 साली. तेव्हा सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर होते. इतिहास म्हणून पाहिले, तर रविवर्मांची दमयंती चुकीची आहे.

पण मला वाटते, हिशेब येथे संपत नाही. आमच्याकडे काम पुरे झाल्यावर कंप्लीशन ड्रॉइंग करतात. जे प्रत्यक्ष बांधले, तेच त्यात दाखवायचे असते. रविवर्मांचे चित्र पुराणकाळाचे कंप्लीशन ड्रॉइंग नाही. ते त्यांच्या काळच्या बाईचे आहे. त्यांनी देवीला आपल्या आजी-पणजीचे लुगडे दिले, म्हणून ती देवी आपल्या देव्हाऱ्यात परकी वाटली नाही. आणि त्यांनी जिवंत माणसांकडे पाहिले, ही गोष्ट मला उशिरा कळली.

ती कशी, हे सांगून थांबतो. माझी आई मिरजेकडची. जन्मभर इरकली लुगडे नेसली. अंग सुती, पदर रेशमी, आणि दोन्ही जोडणारा तो टोपपदर. इलकलचा विणकर पदराचे ताणे अंगाच्या ताण्यात फासे घालून गुंतवतो, शिवण घालत नाही. आई गेली, तेव्हा तिची दोन लुगडी मी ट्रंकेत ठेवली, पण ते नेसायचे कसे, हे आमच्या घरात कोणी तिला विचारून ठेवले नव्हते. माझी मुलगी दमयंती होणार होती. तिच्यासाठी आम्ही बाजारातून शिवलेली तयार नऊवारी आणली होती, परकरासारखी चढवायची आणि हूक लावायचे. आमच्या वसाहतीतल्या एका आजींनी ती पाहिली आणि काही न बोलता ट्रंक उघडायला लावली. लुगडे मापून पाहिले, तर सव्वाआठ मीटर भरले. कासोटा कसा घालायचा, निऱ्या किती घ्यायच्या, ओचा कसा खोचायचा, हे आजींनी तीन संध्याकाळी मुलीला आणि तिच्या आईला शिकवले. तिसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच्या हाताने नेसली आणि तालमीला धावत गेली. निरी सुटली नाही.

ज्येष्ठ सहकारी प्रयोगाला पहिल्या रांगेत होते. पेहराव त्या काळचा नाही, हे त्यांनी पुन्हा सांगितले आणि मी ते मान्य केले. पण आईचे लुगडे पुन्हा ट्रंकेत गेलेले नाही.

यंदा आरतीच्या आधी आजी आणखी काही जणींना नऊवारी शिकवणार आहेत. ज्यांच्या घरी जुने लुगडे असेल, त्यांनी ते घेऊन यावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!