रेव्हरंड जॉन न्यूटन

जॉन न्यूटन याची गोष्ट खेडोपाडी उपदेश करणाऱ्या आमच्या बंधूंच्या तोंडून आम्ही पुष्कळ वेळा ऐकिली आहे. गुलामांचा व्यापार करणारा एक दुष्ट खलाशी वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, त्याचे मन पालटले, तो व्यापार त्याने तत्क्षणी टाकिला, आणि पुढे पाळक होऊन तो कृपेची गीते रचू लागला, अशी ती सांगण्यात येते. ऐकावयास ती गोड आहे, परंतु तिचा मधला भाग खरा नाही. खरे घडले ते कडू आहे, व मंडळीस तेच सांगणे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते.

न्यूटन १७२५ साली लंडन शहरी जन्मला. बाप व्यापारी जहाजाचा कप्तान होता. आई देवभीरू, तिने मुलास शास्त्रवचने व गीते तोंडपाठ करविली, पण तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती वारली. तरुणपणी तो उनाड व देवनिंदक झाला. १७४४ साली त्यास बळजबरीने आरमारात नेले. तेथून तो पळाला, पकडला गेला व त्याने सर्वांदेखत फटके खाल्ले. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो गुलामांच्या एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या पदरी राहिला. तेथे तापाने फणफणला असता त्यास पाण्याच्या घोटाकरिता तळमळावे लागले, आणि उपासमारीच्या त्या दिवसांत बेड्या घातलेले गुलाम आपल्या वाट्याचे अन्न लपवून त्यास देत. एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तेथून सुटून स्वदेशी येत असता १७४८ च्या मार्च महिन्यात त्याचे जहाज भयंकर तुफानात सापडले. फळ्या फुटून पाणी आत आले. सारी माणसे पाणी उपसता उपसता गळून गेली, आणि न्यूटनाच्या तोंडून कित्येक वर्षांनी प्रथमच प्रार्थना निघाली. जहाज कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले. तो दिवस त्याने पुढे जन्मभर उपकारस्मरणाचा म्हणून पाळिला. त्याचा पश्चात्ताप खोटा होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. शिव्या देणे त्याने सोडिले, तो पवित्र शास्त्र वाचू लागला, व १७५० साली मेरी कॅटलेट हिच्याशी लग्न करून तिच्याशी मरेपर्यंत एकनिष्ठ राहिला.

परंतु त्याच वर्षी तो गुलाम वाहणाऱ्या जहाजाचा कप्तान झाला! १७५० पासून १७५४ पर्यंत त्याने अशा तीन सफरी केल्या. लिव्हरपूलहून माल भरून आफ्रिकेस जावे, तेथे माणसे विकत घ्यावी, ती वेस्ट इंडीज बेटांत विकावी, व साखर घेऊन परत यावे, असा तो धंदा होता. जहाजाच्या पोटात पाच फूट उंचीची जागा, तीतही मध्ये फळ्या टाकून दोन मजले केलेले. तेथे माणसे दोघादोघांस एकत्र जखडून दाटीने निजविलेली असत. आणि वर कप्तान न्यूटन रविवारी आपल्या खलाशांस जमवून उपासना चालवी, आपल्या खोलीत गुडघे टेकी, व पत्नीस प्रेमाची पत्रे लिही. १७५२ च्या डिसेंबरात बंडाचा संशय येताच त्याने काही गुलाम मुलांस बेड्या ठोकून, कबुलीजबाबाकरिता त्यांचे अंगठे लोखंडी चापात आवळविले. ही हकीकत त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे. शेवटच्या सफरीत गोरा वा काळा असा एकही मनुष्य दगावला नाही. तेव्हा लिव्हरपूलच्या देवळांत देवाचे आभार मानण्यात आले. खाली विकलेल्या माणसांच्या वतीने कोणी काय मानावे, हे कोणाच्या मनात आले नाही.

असे का झाले? त्या काळी हा धंदा अब्रूदार गणला जाई. इंग्लंडच्या ज्या संस्थेने परदेशी सुवार्ता पाठविण्याचे काम हाती घेतले होते, तिच्याच मालकीचे बार्बाडोस बेटात उसाचे मळे होते, व तेथील गुलामांच्या छातीवर काही काळ संस्थेच्या नावाचा डाग देण्यात येई. न्यूटनास आपण तुरुंगाधिकारी आहो असे अधूनमधून वाटे. अधिक दयेचा धंदा दे म्हणून तो प्रार्थनाही करी. पण प्रार्थना करून तो पुनः जहाजावर चढे. आमच्यांत कोणी माणसे विकीत नाही. तरी प्रभुभोजनाच्या एकाच मेजाशी येऊन, घरी जाताना पूर्वीच्या जातीचा विटाळ जो मनात बाळगितो, त्याने न्यूटनास हसण्यापूर्वी थोडे थांबावे.

धंदा सुटला तो पश्चात्तापाने नव्हे, आजाराने. १७५४ साली चौथ्या सफरीच्या तोंडावर त्यास झटका आला व वैद्यांच्या सल्ल्याने त्याने समुद्र सोडिला. लिव्हरपूलच्या जकातखात्यात काही वर्षे काढून १७६४ साली तो ऑल्नी गावचा पाळक झाला. तेथील गरीब लोकांवर त्याने जीव लाविला, खिन्नतेने ग्रासलेल्या विल्यम कूपर कवीस आधार दिला, व दोघांनी मिळून १७७९ साली गीतांचे पुस्तक छापिले. ज्या कृपेच्या गीताने त्याचे नाव जगभर झाले, तेही त्यात आहे. पाळक झाला त्याच वर्षी त्याने आपले चरित्रही प्रसिद्ध केले होते. त्यात आपल्या देवनिंदेचा त्याने मोठा धिक्कार केला आहे. गुलामांच्या व्यापाराचा मात्र नाही.

१७८० साली तो लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ देवळाचा पाळक झाला. १७८५ च्या डिसेंबरात पार्लमेंटचा तरुण सभासद विल्यम विल्बरफोर्स गुप्तपणे त्याच्या भेटीस आला. राजकारण सोडून धर्मकार्यास लागावे की काय, असा त्याचा प्रश्न होता. न्यूटनाने त्यास तेथेच राहून देवाची सेवा करण्यास सांगितले. अखेर १७८८ साली, समुद्र सोडल्यास चौतीस वर्षे लोटल्यावर, न्यूटनाने या व्यापाराविरुद्ध पुस्तक लिहिले. आपण स्वतः या कामात होतो व ही कबुली फार उशिरा येत आहे, हे त्याने त्यात झाकिले नाही. रडण्याने झोपमोड होते म्हणून एका खलाशाने आईजवळचे तान्हे मूल समुद्रात फेकिले, ही हकीकतही त्याने सांगितली. पुढे सरकारी चौकशीपुढे जाऊन त्याने साक्ष दिली. व्यापाराच्या बाजूचे लोक विल्बरफोर्सास, तुम्ही काही पाहिले नाही, असे म्हणू शकत. या म्हाताऱ्यास तसे म्हणण्याची सोय नव्हती.

१८०७ च्या मार्च महिन्यात पार्लमेंटने तो व्यापार कायद्याने बंद केला. त्या वेळी न्यूटनाची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरास, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो प्रभूकडे गेला. आपल्या स्मारकशिलेवरील लेख त्याने स्वतःच लिहून ठेविला होता, आणि तो लंडनच्या त्या देवळात आहे. आपण नास्तिक व दुराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचाही चाकर होतो, व ख्रिस्ताच्या दयेने क्षमा पावून उपदेशक झालो, असा त्याचा आशय आहे. तीन सफरी कप्तान होतो, हे त्यावर कोरलेले नाही.